एक ओळ छापील, एक ओळ कोरी: जुन्या प्रिंटरचे डिप स्विच समजून घेताना

विंडोज १० या प्रणालीला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि अनेक दुकानांतले जुने संगणक अखेर बदलले गेले. प्रिंटर मात्र बदलले गेले नाहीत. कार्बनच्या तीन प्रती एका दमात काढणारा, रिबन वाळेपर्यंत कुरकुर न करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, म्हणजे बारीक सुयांनी रिबनवर ठोकून ठिपक्यांची अक्षरे उमटवणारे यंत्र, सुखासुखी कोणी काढून टाकत नाही. माझ्या परिचयातल्या औषधांच्या एका घाऊक दुकानात असेच झाले. संगणक नवा, बिलाचा प्रोग्रॅम नवा, प्रिंटर तोच. पहिले बिल छापले तेव्हा प्रत्येक ओळीखाली एक कोरी ओळ सुटली आणि एका पानात मावणारे साठ ओळींचे बिल दोन पानांवर गेले. दुरुस्तीला आलेल्या माणसाने झाकण न उघडताच ‘आतलं कार्ड गेलंय’ असे सांगून टाकले.

कार्ड गेले नव्हते. प्रिंटरच्या मागच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली लाल रंगाची एक डबी होती आणि तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे खटके ओळीने बसवलेले होते. त्यातला एक खटका बॉलपेनच्या टोकाने पलीकडे सरकवला, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला आणि बिल एका पानात आले. हा खटका नेमके काय करतो आणि कोणत्या लक्षणाला कोणता खटका तपासावा, हे एकदा नीट समजले तर असे बरेच ‘बिघाड’ घरच्या घरी सुटतात.

डिप स्विच म्हणजे काय?

‘डिप’ हे ‘ड्युअल इन-लाइन पॅकेज’ या शब्दांचे लघुरूप आहे. दोन समांतर रांगांत पाय असलेली, इलेक्ट्रॉनिक पाटीवर चिपसारखी बसणारी डबी असा त्याचा अर्थ. या डबीत चार, आठ किंवा बारा बारीक खटके असतात आणि प्रत्येक खटका ‘चालू’ किंवा ‘बंद’ या दोनच स्थितींत राहतो. प्रिंटरला वीज मिळाली की त्याच्यातला लहानसा प्रोसेसर या खटक्यांकडे पाहतो, त्यांची स्थिती लक्षात ठेवतो आणि मग कामाला लागतो. पुढे दिवसभर तो त्यांच्याकडे पुन्हा पाहत नाही. शाळेत सकाळी एकदा हजेरी झाली की नंतर आलेल्या मुलाची नोंद होत नाही, तसेच हे आहे. म्हणून प्रिंटर चालू असताना खटका सरकवून ‘काहीच फरक पडला नाही’ असे म्हणण्यात अर्थ नसतो. प्रिंटर बंद करावा, खटका बदलावा, पाच-दहा सेकंद थांबावे आणि मग चालू करावा.

एक गोंधळ इथेच दूर केलेला बरा. काही डब्यांवर एका कडेला ‘ऑन’ छापलेले असते, तर काहींवर ‘ओपन’. दोन्ही शब्द ‘ओ’ने सुरू होत असले तरी त्यांचा अर्थ परस्परविरुद्ध आहे. ‘ओपन’ म्हणजे विजेचा मार्ग उघडा, तुटलेला, अर्थात खटका बंद. घाईत वाचणारा माणूस इथे हमखास फसतो आणि सगळे खटके उलटे लावून बसतो.

इतके खटके लागलेच कशाला?

जपानच्या एप्सन कंपनीने १९८० साली एमएक्स-८० हा प्रिंटर बाजारात आणला. नऊ सुया, ऐंशी अक्षरांची ओळ आणि सेकंदाला ऐंशी अक्षरांचा वेग असे त्याचे स्वरूप होते. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पहिला पीसी आणला, तेव्हा त्यासोबत विकलेला ५१५२ हा प्रिंटर म्हणजे आयबीएमचे नाव लावलेला एमएक्स-८०च होता. पण तो काळ संगणकांच्या एकमतांचा नव्हता. टीआरएस-८० हा त्या काळचा संगणक एका पद्धतीने ओळ संपवत असे, आयबीएमचा पीसी दुसऱ्या. जर्मन ग्राहकाला उम्लाउटची, म्हणजे डोक्यावर दोन टिंबे असलेली, अक्षरे हवी असत, इंग्रजांना पौंडाचे चिन्ह. अमेरिकेत कागद अकरा इंच लांबीचा, अन्यत्र बारा इंचांचा. कारखान्यातून निघणाऱ्या प्रिंटरला आपण कोणत्या घरी नांदायला जाणार आहोत हे ठाऊक नव्हते. पडदा नव्हता, मेन्यू नव्हता आणि वीज गेल्यावरही टिकणारी, सहज बदलता येणारी स्मृती त्या काळी महाग पडत असे. तेव्हा काही पैशांत बसणारा खटका हा सर्वांत स्वस्त उपाय ठरला.

पुढे एफएक्स-८० (१९८३) आणि त्याच्या घराण्यातल्या यंत्रांत आठ आणि चार अशा दोन गटांत मिळून बारा खटके आले. बारा खटक्यांच्या ४,०९६ जुळण्या होतात. अंदाजाने एकेक लावून पाहणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. कोणताही खटका हलवण्यापूर्वी मोबाइलवर सगळ्यांचा एक फोटो काढून ठेवावा आणि एका वेळी एकच खटका बदलावा. पेन्सिलीने मात्र ते सरकवू नयेत, कारण पेन्सिलीच्या शिश्यातून वीज वाहते आणि त्याची भुकटी आत पडली की नवेच दुखणे सुरू होते.

ओळ कोणी पुढे सरकवायची?

कोऱ्या ओळींचे मूळ टंकलेखन यंत्रात आहे. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना आठवेल: ओळ संपली की डाव्या हाताची दांडी ओढायची, म्हणजे कागदाचा रूळ एक दात पुढे फिरायचा आणि कॅरेज पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायची. हात एकच फिरला तरी कामे दोन झाली. संगणकाच्या लिपीत या दोन कामांना दोन वेगळे संकेत आहेत. ओळीच्या सुरुवातीला परत येण्याचा संकेत म्हणजे ‘कॅरेज रिटर्न’, त्याचा क्रमांक १३. कागद एक ओळ पुढे सरकवण्याचा संकेत म्हणजे ‘लाइन फीड’, त्याचा क्रमांक १०. पुढे यांना मी नुसते तेरा आणि दहा म्हणेन.

विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या जगात प्रत्येक ओळीच्या शेवटी तेरा आणि दहा असे दोन्ही संकेत पाठवायची पद्धत होती. टीआरएस-८० फक्त तेरा पाठवत असे आणि कागद सरकवणे हे प्रिंटरने स्वतःहून करायचे काम आहे असे समजत असे. युनिक्स या प्रणालीच्या घराण्यात ओळीच्या शेवटी फक्त दहा ठेवला जातो. या सर्वांशी जमवून घेता यावे म्हणून प्रिंटरवाल्यांनी एक खटका दिला, त्याचे नाव ‘ऑटो लाइन फीड’. तो चालू असला की तेरा येताच प्रिंटर आपल्या पदरचा दहा त्याला जोडतो.

आता स्वयंपाकघरात या. आमटी उकळते आहे. सासूबाईंनी मीठ घातले आणि त्या देवपूजेला बसल्या. सुनेला वाटले, मीठ राहिले असेल, म्हणून तिनेही घातले. दोघींचे काम आपापल्या जागी चोख होते, पण आमटी खारट झाली. संगणकाने तेरा आणि दहा पाठवले आणि प्रिंटरचा खटकाही चालू असला, तर कागद दोनदा सरकतो. हीच ती कोरी ओळ. उलट दोघींनीही ‘दुसरीने घातले असेल’ असे धरले तर आमटी अळणी होते. संगणकाने फक्त तेरा पाठवला आणि खटका बंद असला, तर शीर्ष, म्हणजे सुया बसवलेले छपाईचे डोके, दर वेळी ओळीच्या सुरुवातीला येते, पण कागद जागचा हलत नाही. साठ ओळी एकाच जागी एकावर एक छापल्या जातात, काळीकुट्ट पट्टी उमटते आणि तिथे कागदही फाटू शकतो. असे दिसताच प्रिंटर ताबडतोब थांबवावा.

तिसरी शक्यता म्हणजे फक्त दहा येणे. काही प्रिंटरांत अशा वेळी प्रत्येक ओळ आधीची जिथे संपली तिथून सुरू होते आणि मजकूर घाटाच्या पायऱ्यांसारखा उजवीकडे उतरत जातो. एप्सनच्या पद्धतीत दहा मिळाल्यावर शीर्षही डावीकडे परत येते, त्यामुळे तिथे या पायऱ्या सहसा दिसत नाहीत.

त्या औषधांच्या दुकानात काय झाले होते ते आता उघड आहे. जुना प्रोग्रॅम कोणी तरी हाताने लिहिलेला होता आणि तो फक्त तेरा पाठवत होता, म्हणून पूर्वी कोणी तरी खटका चालू करून ठेवला होता. नवा प्रोग्रॅम तेरा आणि दहा दोन्ही पाठवू लागला. प्रिंटर वर्षानुवर्षे जे करत होता तेच निष्ठेने करत राहिला.

खटका बंद केला, तरी कोरी ओळ जात नाही. मग?

एफएक्स-८०मध्ये हा खटका दुसऱ्या गटातला चौथा, म्हणजे २-४. पण सगळ्या मॉडेलांत तो याच जागी असेल असे गृहीत धरू नये. त्या-त्या यंत्राच्या पुस्तिकेतला किंवा झाकणाच्या आत चिकटवलेला तक्ता पाहावा. समजा, योग्य खटका बंद केला, वीज बंद-चालू केली आणि तरीही कोरी ओळ येत राहिली. बहुतेक जण इथे हात टेकतात.

कारण केबलमध्ये असू शकते. जुन्या समांतर केबलीत, जिचे प्रिंटरकडचे रुंद टोक सेंट्रॉनिक्स जोडणी म्हणून ओळखले जाते, तिच्यात आठ तारा अक्षरासाठी असतात आणि बाकीच्या निरोपांसाठी. त्यातली १४ क्रमांकाची तार म्हणजे ‘आपोआप ओळ सरकव’ असे संगणकाने सांगण्याची वाट. खटका आणि ही तार यांचे नाते जिन्याच्या दोन बटणांसारखे नाही, तर दारावरच्या दोन घंटांसारखे आहे: कुठलीही एक वाजली तरी आतला माणूस दार उघडतो. खटका बंद असूनही संगणकाने चौदावी तार ओढून धरली असेल, तर ओळ दोनदा सरकणारच. अशा वेळी संगणकाकडची मांडणी किंवा केबल बदलून पाहावी लागते. दुसरे कारण अगदी साधे असते. वर्षानुवर्षे न हललेल्या खटक्याच्या आतल्या पत्र्यावर गंज चढतो आणि तो नुसता सरकतो, जोडला जात नाही. वीज बंद ठेवून तो आठ-दहा वेळा इकडून तिकडे केला की बहुधा साफ होतो.

१७९ म्हणजे काय?

आता बिलाच्या चौकटीकडे वळू. कित्येक जुन्या प्रोग्रॅमांत बिलाभोवती रेघांची चौकट असते. खटका चुकीचा असला की वरच्या डाव्या कोपऱ्यात इंग्रजी झेड, मग ओळभर डी, डी, डी अशी तिरकी अक्षरे, शेवटी प्रश्नचिन्ह आणि दोन्ही बाजूंना उभ्या रेघेऐवजी तिरक्या तीनांची रांग दिसते. पाहणाऱ्याला वाटते, प्रिंटरचे डोके फिरले. खरे तर ही चूक इतकी शिस्तबद्ध आहे की तिच्यावरून गणित मांडता येते.

प्रिंटरला अक्षरे मिळत नाहीत, ० ते २५५ यांमधले अंक मिळतात. पहिल्या १२८ अंकांचा अर्थ बराचसा सर्वमान्य आहे. वरच्या १२८ अंकांवर मात्र एकमत नव्हते. आयबीएमच्या तक्त्यात १७९ म्हणजे उभी रेघ, १९६ म्हणजे आडवी रेघ, २१८ आणि १९१ म्हणजे वरचे दोन कोपरे. एप्सनच्या मूळ तक्त्यात वरचा अर्धा भाग खालच्याच अक्षरांच्या तिरक्या रूपांना दिलेला होता, म्हणजे अंकातून १२८ वजा करायचे आणि उरलेले अक्षर तिरके छापायचे. १९६ मधून १२८ गेले, ६८ उरले, ते डी. १७९ मधून १२८ गेले, ५१ उरले, तो तीनचा आकडा. २१८ चे झाले ९०, म्हणजे झेड, आणि १९१ चे ६३, म्हणजे प्रश्नचिन्ह. चौकट अक्षरशः जशीच्या तशी आली आहे, फक्त दुसऱ्या तक्त्यातून वाचली गेली आहे. उपाय म्हणजे अक्षरतक्त्याचा खटका ‘तिरके’ या स्थितीतून ‘ग्राफिक्स’ या स्थितीत नेणे.

मराठी माणसासाठी या १७९ला आणखी एक अर्थ आहे. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या इस्की या मानकात, जे १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले, १७९ म्हणजे ‘क’. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेच्या, संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डांमुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसू लागली, त्या काळातल्या मजकुरात हेच अंक आहेत. असा मजकूर साध्या प्रिंटरकडे थेट धाडला, तर ‘क’च्या जागी एका यंत्रावर उभी रेघ येते आणि दुसऱ्यावर तिरका तीन. तो खटक्याने सुटणारा प्रश्न नाही, कारण प्रिंटरच्या पोटात देवनागरीचा तक्ताच नाही. तिथे अक्षरे चित्र म्हणून, ठिपक्या-ठिपक्यांनी पाठवावी लागतात. खटक्यांची मर्यादा ती हीच: प्रिंटरपाशी असलेल्या तक्त्यांतला एक निवडता येतो, नसलेला आणता येत नाही. २०१० साली स्वीकारले गेलेले रुपयाचे चिन्हही या यंत्रांच्या तक्त्यात असणे शक्य नव्हते, म्हणून त्यांच्या बिलांवर अजूनही ‘आरएस’ ही दोन इंग्रजी अक्षरेच उमटतात.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे देश निवडणारे तीन खटके. तीन खटक्यांच्या आठ जुळण्या, त्यामुळे आठ देशांची सोय. बिल क्रमांकाआधीच्या हॅशच्या जागी पौंडाचे चिन्ह येऊ लागले, तर प्रिंटर इंग्लंडमध्ये गेला आहे असे समजावे. चौकटी कंसांच्या जागी टिंबे डोक्यावर घेतलेले ए आणि यू दिसले, तर जर्मनीत. तक्त्यात पाहून तिन्ही खटके अमेरिकेच्या जुळणीवर आणले की तो मायदेशी नसला तरी कामाच्या जागी परत येतो.

पान दर वेळी वर का सरकते?

आपल्याकडे दुकानांत मिळणारी छिद्रांच्या पट्ट्यांची सलग स्टेशनरी बहुधा १० × १२ किंवा १५ × १२ इंचांची असते. अमेरिकन पान ११ इंचांचे. इंचाला सहा ओळी या हिशेबाने अकरा इंचांत ६६ ओळी बसतात आणि बारा इंचांत ७२. प्रिंटरचा पान-लांबीचा खटका अकरावर असला आणि कागद बाराचा असला, तर ‘पुढचे पान’ असा हुकूम मिळताच प्रिंटर अकरा इंच मोजून थांबतो. दुसऱ्या बिलाचे शीर्षक पहिल्या पानाच्या शेवटच्या इंचात छापले जाते, तिसऱ्याचे आणखी एक इंच वर. अधिक मास न धरलेल्या पंचांगासारखे हे दर खेपेला मागे पडत जाते. गंमत म्हणजे बारा पाने छापून झाली की बारा गुणिले अकरा, म्हणजे १३२ इंच कागद संपतो, आणि ती लांबी बारा इंची अकरा पानांची असते. त्यामुळे तेरावे बिल पुन्हा अचूक छिद्ररेषेपासून, म्हणजे पान फाडायच्या रेषेपासून, सुरू होते आणि मालकाला वाटते, प्रिंटर आपोआप बरा झाला.

बिल उलट खाली-खाली सरकत असेल, तर ‘छिद्ररेषा सोडा’ हा दुसरा खटका पाहावा. तो चालू असला की पानाच्या टोकाला प्रिंटर एक इंच जागा स्वतःहून सोडतो. प्रोग्रॅमही आपल्या हिशेबाने बहात्तर ओळी मोजत असेल, तर दर पानाला सुमारे इंचभर भर पडते. पुन्हा तीच आमटी, तेच दुहेरी मीठ.

कागद लावण्याचीही एक रीत आहे. प्रिंटर चालू होतो त्या क्षणी शीर्षासमोर कागदाचा जो भाग असेल, तोच पानाचा माथा असे तो धरून चालतो. म्हणून आधी छिद्ररेषा जुळवावी आणि मग वीज द्यावी. चालू प्रिंटरचा रूळ हाताने फिरवला की त्याचा हिशेब चुकतो, शिवाय दातेही झिजतात.

चूक नेमकी कुठे आहे, हे कसे ओळखावे?

खटक्यांना हात लावण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. पहिली स्व-चाचणी. एप्सनच्या बहुतेक जुन्या यंत्रांत ‘लाइन फीड’चे बटण दाबून धरून वीज चालू केली की प्रिंटर संगणकाच्या मदतीशिवाय आपली सगळी अक्षरे छापू लागतो. ती स्वच्छ आली तर सुया, रिबन, मोटर आणि आतले कार्ड यांना बव्हंशी दोषमुक्त करावे. दुकानात आलेल्या त्या दुरुस्तीवाल्याने एवढेच केले असते, तर ‘कार्ड गेलंय’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघाले नसते. मात्र स्व-चाचणीत केबल तपासली जात नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरी चाचणी जास्त बोलकी आहे आणि माझ्या मते खटक्यांच्या तक्त्यापेक्षाही मोलाची आहे. ‘लाइन फीड’ आणि पान पुढे सरकवणारे ‘फॉर्म फीड’ ही दोन्ही बटणे एकदम दाबून वीज चालू केली की अशी अनेक यंत्रे ‘हेक्स डंप’ या अवस्थेत जातात. त्या अवस्थेत प्रिंटर आलेल्या हुकमांची अंमलबजावणी करत नाही, फक्त काय आले ते सोळाच्या अंकपद्धतीत जसेच्या तसे लिहून काढतो. पोलिसांनी जबाब नोंदवून घ्यावा तसे. या पद्धतीत दहाला ०ए म्हणतात आणि तेराला ०डी. संगणकाने ‘आरएस’ (त्यातला एस लहान लिपीतला) असे पाठवून ओळ संपवली, तर कागदावर ५२ ७३ ०डी ०ए असे उमटते. ओळीच्या शेवटी ०डी ०ए ही जोडी दिसली, तर ऑटो लाइन फीडचा खटका बंद हवा. नुसता ०डी दिसला, तर तो चालू हवा. वाद तिथेच मिटतो.

ही चाचणी केबलीचा दोषही पकडते. अक्षर वाहून नेणाऱ्या आठ तारांना १, २, ४, ८ असे करत १२८ पर्यंत किंमत असते. त्यातली एकची तार तुटली, तर प्रिंटर बहुधा तिला कायमची ‘चालू’ समजतो. मग प्रत्येक सम अंक त्याच्या पुढचा विषम अंक होतो. शून्याचा एक, दोनाचा तीन, चाराचा पाच. मोकळ्या जागांत उद्गारचिन्हे येतात आणि २४० रुपयांची किंमत ३५१ छापली जाते. उद्गारचिन्हांमुळे हे लगेच नजरेत भरते म्हणून बरे, नाही तर गिऱ्हाइकाशी भांडणच व्हायचे. सम अंकाचा विषम करणारी ही चूक खटक्याची नसते. केबल बदलावी, आणि समांतर केबल काढता-लावताना दोन्हीकडची वीज बंद ठेवावी.

केबलीतल्या निरोपांचा प्रकार एकदा समजून घेतला की आणखी एक लक्षण उलगडते. संगणक अक्षर तारांवर ठेवतो आणि ‘घ्या’ अशी एक क्षणिक खूण करतो, ती अर्ध्या मायक्रोसेकंदाइतकी छोटी असली तरी चालते. प्रिंटरचे हात भरलेले असले तर तो ‘बिझी’ ही तार वर करतो, पंगतीत वाढप्याला थांबवायला पानावर हात आडवा धरावा तसा. हा हात कधीच खाली आला नाही, तर संगणक वाट पाहत राहतो आणि माणसाला वाटते, प्रिंटर मेला. कित्येकदा कारण एवढेच असते की कागद संपल्याची सूचना देणारी कळ धुळीने अडकलेली आहे.

सिरियल जोडणीच्या प्रिंटरांबद्दल एवढेच सांगतो की तिथे खटक्यांनी वेगही ठरवावा लागतो. एकाच तारेवरून अक्षराचे भाग एकापाठोपाठ येतात आणि दोघांचा ठेका एकच असावा लागतो. संगणक ९,६०० च्या लयीत बोलतो आहे आणि प्रिंटर १,२०० च्या लयीत ऐकतो आहे, असे झाले की कागदावर सुसंगत असे काहीच उमटत नाही. वेग जुळला पण लांब मजकुरात मधली अक्षरे गळू लागली, तर ‘थांब’ म्हणण्याची पद्धत दोघांनी वेगवेगळी धरलेली आहे असे समजावे.

हे सगळे सॉफ्टवेअरमधून का करू नये?

बरेच करता येते. एप्सनच्या आज्ञाभाषेत २७ हा अंक ‘पुढचे अक्षर छापू नका, तो हुकूम आहे’ असे सांगतो. २७, ६७, ७२ असे तीन अंक पाठवले की पान बहात्तर ओळींचे होते. देशही असाच बदलता येतो. पण हे हुकूम प्रिंटर बंद होईपर्यंतच टिकतात, आणि अनेक प्रोग्रॅम छपाईच्या सुरुवातीला २७, ६४ पाठवून प्रिंटरला मूळ स्थितीत आणतात. मूळ स्थिती म्हणजे खटक्यांनी सांगितलेली स्थिती. शिवाय ऑटो लाइन फीडसाठी त्या मूळ भाषेत हुकूमच नव्हता. तेव्हा खटका हा पाया आणि हुकूम ही वरची तात्पुरती रचना, असे धरून चालावे.

नंतरच्या काही मॉडेलांत खटके गेले आणि त्यांच्या जागी एक मजेशीर पद्धत आली: ठरलेली बटणे दाबून चालू केले की प्रिंटर आपल्या मांडणीची यादी कागदावर छापतो आणि बटणांनी उत्तरे घेतो. प्रश्न मात्र तेच आहेत. पानाची लांबी किती, तक्ता कोणता, ओळ कोण सरकवणार.

यूएसबीची केबल लावली की हे सगळे संपत नाही का?

विंडोजच्या ड्रायव्हरने, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, पान चित्र म्हणून पाठवले, तर अक्षरतक्त्याचा प्रश्न खरोखरच उरत नाही, आणि देवनागरी बिलही छापता येते. पण छपाई संथ होते, कारण सुयांना प्रत्येक ठिपका संगणकाने सांगितल्याप्रमाणे मारावा लागतो. ओळ सरकवण्याचा आणि पानाच्या लांबीचा खटका तिथेही आड येऊ शकतो. दुसरी अडचण अशी की यूएसबीतून समांतर टोक काढणारी केबल संगणकाला स्वतंत्र यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते, ‘एलपीटी-१’, म्हणजे संगणकाची जुनी समांतर जोडणी, म्हणून नाही. जुना डॉस प्रोग्रॅम मात्र हट्टाने एलपीटी-१ कडेच बिल पाठवत राहतो. तिथे खटके कितीही हलवले तरी उपयोग नाही, कारण प्रिंटरपर्यंत काही पोचतच नाही. प्रिंटर विंडोजमध्ये सामायिक करून त्याला ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी-१ हे नाव जोडून द्यावे लागते.

नवा लेझर प्रिंटर का घेऊ नये, असेही कोणी विचारेल. एकाच प्रतीवर भागत असेल तर जरूर घ्यावा. पण लेझर आणि इंकजेट कागदाला ठोकत नाहीत, म्हणून कार्बनच्या खालच्या प्रती कोऱ्याच राहतात. ठोकणाऱ्या यंत्राला आणखी एक मांडणी असते, शीर्षाजवळची कागदाच्या जाडीची छोटी तरफ. तीन प्रतींसाठी ती मागे घेतली आणि नंतर एकाच कागदावर छापायला लागलात, तर अक्षरे फिकी येतात आणि दोष उगाच रिबनला मिळतो. ती सरकवताना शीर्षाला बोट लावू नये. छापून झाल्यावर ते बराच वेळ चटका बसेल इतके तापलेले असते.

त्या दुकानातल्या प्रिंटरच्या झाकणाच्या आत आता पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा चिकटवलेला आहे. त्यावर बारा चौकोन काढून प्रत्येक खटका वर की खाली ते दाखवले आहे, तारीख घातली आहे, आणि ऑटो लाइन फीडच्या चौकोनाशेजारी दुकानाच्या मुनीमजींनी लाल शाईने लिहिले आहे: ‘बंद. नवा प्रोग्रॅम ओळ स्वतः सरकवतो.’